मांजरीच्या पिलाची जखम आणि तिची शुश्रूषा

मराठी घरांत मांजरीस वाघाची मावशी म्हणण्याचा प्रघात आहे. हा मान तिच्या ऐटीला मिळाला असला, तरी शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशीं पलंगाखालच्या कोपऱ्यांत अंग चोरून बसलेलें पांच महिन्यांचें पिलूं पाहिलें म्हणजे त्या मावशीपणाचा मागमूसही उरत नाहीं. कुत्रा दुखलें-खुपलें तर विव्हळतो व घरच्या माणसांकडे धांव घेतो. मांजर आपलें दुखणें लपवितें. रानांत जो प्राणी दुबळेपणा दाखवितो तो शत्रूच्या तोंडीं पडतो, हा धडा तें माणसाच्या घरांत हजारों वर्षें काढूनही विसरलेलें नाहीं. यामुळें जखम बिघडल्याचें घरच्या मंडळींस पुष्कळदां एक-दोन दिवस उशिरां कळतें, आणि लहानग्या पिलाच्या बाबतींत हे एक-दोन दिवसच निर्णायक ठरतात. त्या दिवसांत काय पाहावें, काय करावें व विशेषतः काय करूं नये, हा या भाषणाचा विषय आहे.

ठाणें खाडीच्या पूर्व कांठावर वसविलेल्या नवी मुंबईचा आरंभ १९७० सालचा. त्या वर्षीं मार्च महिन्यांत सिडको ही संस्था स्थापन झाली, आणि १९९२ सालापासून तेथें स्वतंत्र महानगरपालिका आहे. आखून-रेखून बांधलेल्या या शहरांत माणसांसाठीं विभाग ठरले, बाजार ठरले, बागा ठरल्या. मांजरांनीं मात्र आपली वस्ती आपणच ठरविली. दिवाळे, सारसोळे, करावे या जुन्या कोळी-आगरी गांवांतील मासळीच्या पाट्या, बाजार-समितीच्या आवारांतील धान्याचीं गोदामें व त्यांतले उंदीर, आणि सोसायट्यांतील मोटारी ठेवण्याच्या आडोशाच्या जागा, हें सर्व त्यांच्या सोयीचेंच आहे. मांजरी चार-पांच महिन्यांची झाली कीं माजावर येऊं शकते. गर्भ सुमारें नऊ आठवडे राहतो. आणि एका वेळीं चार-पांच पिलें होणें ही नित्याची गोष्ट आहे. वर्षांत असें एकाहून अधिक वेळां घडतें. त्यांतलीं कित्येक पिलें मोटारींच्या चाकांखालीं किंवा रोगानें दगावतात. म्हणून वेळीं नसबंदी करून घेणें हेंच दयेचें काम होय, असें पशुवैद्य सांगतात, आणि सुशिक्षित कुटुंबांस तें पटलेलेंही आहे.

मादीच्या शस्त्रक्रियेंत पोटाच्या मध्यरेषेवर किंवा कुशीवर छेद घेऊन अंडाशय व बहुधा गर्भाशयही काढतात, आणि पोटाचे थर एकावर एक शिवून घेतात. नराची शस्त्रक्रिया त्या मानानें लहान असते. तिचे बारीक छेद पुष्कळदां टांके न घालतांच भरून येऊं देतात. यावरून लक्षांत येईल कीं, मादीच्या पोटावरची दिसायला बोटभर असलेली रेघ ही वरची केवळ खूण आहे. तिच्या खालीं आणखी थर शिवलेले असतात, आणि त्या थरांपर्यंत पू पोहोंचला तर गोष्ट जिवावर बेतते.

या जखमेंत एक गोष्ट इतर दुखण्यांहून निराळी आहे. जुलाब, ताप, कुत्र्याचा चावा हीं संकटें पिलावर आपोआप येतात. ही जखम मात्र माणसानें विचार करून, दिवस व वेळ ठरवून, पिलाला न विचारतां केलेली असते. ती करणें योग्यच आहे. परंतु ती पुरती भरून येईपर्यंतचें दायित्वही ठरविणाऱ्याच्याच माथीं राहतें. दवाखान्याचें बिल चुकतें केल्यानें तें संपत नाहीं. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० सालचा जो कायदा आहे, त्याच्या तिसऱ्या कलमानेंही प्राणी ज्याच्या ताब्यांत असेल त्यानें त्याच्या क्षेमासाठीं सर्व वाजवी उपाय योजावेत असें बंधन घातलें आहे.

आतां नेरूळ किंवा घणसोली येथील दोन खोल्यांचें एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. घरांत आजी, आई-बाबा, शाळेंत जाणारी मुलगी आणि पांच महिन्यांची मनी. शनिवारीं मनीचें ऑपरेशन झालें व सायंकाळीं ती घरीं आली. रविवारीं थोडें खाऊन ती झोपली. सोमवारीं तिच्या गळ्याभोंवतालची शंकूसारखी गळपट्टी, जिला दवाखान्यांत नुसतें 'कोन' म्हणतात, ती तिला सोसेना. दया येऊन कोणीतरी ती काढून ठेवली. रात्रभर मनी पोट चाटीत बसली. मंगळवारीं टांक्यांच्या खालच्या टोकाशीं लाली दिसली. बुधवारीं तेथून पिंवळट, घाण वासाचा स्राव येऊं लागला, आणि मनीनें मासळीच्या वासालाही मान वर केली नाहीं. अशा वेळीं घरांत जें बोलणें होतें तें बहुधा पुढीलप्रमाणें :

"हळद दाब गं तिथं. तुझ्या बाबाचे लहानपणीं गुडघे फुटले कीं मी हळदच दाबीत असें," आजी म्हणते.

"आजी, ती चाटून टाकेल ना सगळी!" नात म्हणते.

"अंग किती कढत लागतंय! तापाची अर्धी गोळी देऊन पाहूं का?" बाबा विचारतात.

"अहो, आधीं डॉक्टरांना फोन करा," आई सांगते.

प्रेम चौघांच्याही बोलण्यांत आहे. परंतु या उपायांपैकीं एक निरुपयोगी, एक प्राणघातक आणि एकच योग्य आहे. आणि कोणता उपाय कोणत्या प्रकारचा, हें कळण्यासाठीं बुधवारची वाट पाहणें बरें नव्हे.

प्रथम निरोगी जखम कशी दिसते तें पाहूं जाणें अवश्य आहे. पहिले दोन-तीन दिवस छेदाच्या कडा किंचित् लाल व फुगीर असतात. पहिल्या दिवशीं एखादा रक्तमिश्रित पाण्याचा थेंब दिसला तर घाबरण्याचें कारण नाहीं. आठवड्याच्या सुमारास कातडीखालीं वाटाण्याएवढी टणक गांठ हाताला लागते. ती बहुधा आंतल्या टांक्यांभोंवतीं शरीरानें दाखविलेली प्रतिक्रिया असते व हळूहळू जिरते. कधीं जखमेखालीं मऊ, न दुखणारी फुगोटी येते, तिच्यांत नुसतें पाणी सांचलेलें असतें. पिलूं फार उड्या मारीत असल्यास असें होतें. ही फुगोटी घरीं दाबूं नये वा सुईनें फोडूं नये. डॉक्टरांना दाखवावी एवढेंच. रोज जखम अधिक कोरडी, अधिक फिकी व अधिक सपाट होत गेली, तर सर्व ठीक चाललें आहे असें समजावें.

बिघडलेल्या जखमेची वाट याच्या उलट असते. लाली कमी न होतां पसरूं लागते, जागा कढत लागते, स्पर्श करतांच पिलूं फिसकारतें, कडा फांकतात, पिंवळा, हिरवट किंवा करडा पू येतो आणि वास सुटतो. याबरोबर पिलूं खाण्याचें सोडतें, खेळत नाहीं, अंधारांत जाऊन बसतें. मांजराच्या अंगची स्वाभाविक उष्णता सुमारें १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे माणसाहून अधिक असते; तेव्हां माणसाच्या हाताला तें कढत लागलें एवढ्यावरून ताप ठरवूं नये. मात्र उष्णतामापकांत १०३ अंशांच्या वर पारा गेला, अथवा उलट अंग थंड पडूं लागलें, तर विलंब करूं नये. तज्ज्ञ नसणाऱ्यासही साधेल अशी एक युक्ति आहे : रोज सकाळीं, एकाच खिडकीशीं, एकाच अंतरावरून जखमेचें छायाचित्र घ्यावें. डोळा कालचें विसरतो. दोन छायाचित्रें शेजारीं ठेवलीं कीं जखम सुधारते कीं बिघडते हें लहान मूलही सांगेल. डॉक्टरांसही त्यांचा फार उपयोग होतो.

पू होतो कशानें? जंतूंनीं, हें आज शाळेंतील मुलासही ठाऊक आहे. परंतु हें ज्ञान फार जुनें नाहीं. १८६७ सालीं जोसेफ लिस्टर या शल्यवैद्यानें कार्बोलिक अम्लाच्या उपयोगानें जखमा सडण्याचें थांबवितां येतें हें प्रसिद्ध केलें. त्यापूर्वीं शस्त्रक्रिया उत्तम होऊनही रोगी पुवानें दगावत. आजच्या दवाखान्यांत हत्यारें व हात निर्जंतुक करूनच छेद घेतात. तथापि घरीं आल्यावर जंतूंना वाट मोकळी करून देणारें मुख्य साधन म्हणजे मांजराची स्वतःची जीभ होय. मांजर चाटून जखम साफ करतें ही समजूत चुकीची आहे. त्याची जीभ कानसेसारखी खरखरीत असते. ती टांके ओढते, कोंवळी कातडी सोलते, आणि तोंडांतले जंतु नेमके तेथें नेऊन ठेवते. म्हणून कोन काढणें ही दया नव्हे. पहिल्या दिवशीं पिलूं त्यांत अडखळतें, मागें मागें चालतें. दुसऱ्या दिवशीं बहुतेकांस संवय होते. जेवणाच्या वेळीं कोणी समोर बसून राहणार असेल तरच तो थोडा वेळ काढावा.

आतां घरगुती औषधांकडे वळावयाचें. हळदीचा स्वयंपाकघरांतला मान कोणी नाकारीत नाहीं; परंतु डब्यांतली हळद निर्जंतुक नसते. तिची पूड ओल्या जखमेंत चिकटून राहते, पिंवळ्या रंगाखालीं लाली व पू दोन्ही झांकले जातात, आणि डॉक्टरांना ती आधीं धुऊन काढावी लागते. स्पिरिट व हायड्रोजन पेरॉक्साइड हीं जंतूंबरोबर नवीन येणाऱ्या पेशींसही जाळतात. ज्या घरगुती जंतुनाशकांत पाणी घातलें असतां दुधासारखा पांढरा रंग येतो, तीं बहुधा फिनॉलच्या कुळांतलीं असतात, आणि मांजराच्या यकृतास तें विष पचवितां येत नाहीं; अंगास लागलेलें तें चाटून पोटांत घेतें. ज्या कार्बोलिकानें लिस्टरच्या रोग्यांचे प्राण वांचविले तेंच मांजराचे प्राण घेऊं शकतें. माणसाचें तें मांजराचें नव्हे, हें यावरून ध्यानांत यावें. पावसाळ्यांत जखमेंत अळ्या पडल्यास रस्त्यावरील जनावरांस टर्पेंटाइन लावण्याची रीत कांहीं ठिकाणीं आहे. मांजरास तेंही घातक आहे.

याहून भयंकर ती तापाची गोळी. पॅरासिटामॉल हें औषध प्रत्येक घरांत असतें, बालकांसही दिलें जातें, म्हणून तें निरुपद्रवी वाटतें. परंतु तें निकामी करून बाहेर टाकण्याची जी शक्ति माणसाच्या यकृतांत आहे ती मांजराच्या यकृतांत फारच थोडी आहे. औषधाचें विष बनतें, रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति नाहींशी होते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड व पंजे सुजतात, श्वास लागतो. पांच महिन्यांच्या पिलास एका गोळीचा तुकडाही मृत्यूच्या दारीं नेऊं शकतो. आयबुप्रोफेन आदि वेदनाशामकांचीही तीच गत. चुकून अशी गोळी पोटांत गेलीच तर लक्षणें दिसण्याची वाट न पाहतां, गोळीचें पाकीट बरोबर घेऊन, तत्काळ दवाखाना गांठावा. वेळीं पोहोंचल्यास त्यावर उतारा आहे.

मग त्या बुधवारीं करावें काय? आईचें म्हणणें खरें : ज्या दवाखान्यांत शस्त्रक्रिया झाली तेथें प्रथम फोन करावा, छायाचित्र पाठवावें, आणि त्याच दिवशीं पिलूं दाखवावें. तोंवर कोन पुन्हां घालावा. हात साबणानें धुवावे. पाणी उकळून कोमट होऊं द्यावें. अर्धा लिटर पाण्यांत सपाट चमचाभराहून किंचित् कमी, म्हणजे सुमारें साडेचार ग्रॅम, मीठ विरघळवावें, आणि स्वच्छ गॉजचा तुकडा त्यांत भिजवून जखमेबाहेर आलेला पू हलक्या हातानें टिपून घ्यावा. घासूं नये, खपली ओढूं नये, जखम दाबून पू काढूं नये. दाबल्यानें तो बाहेर येण्याऐवजीं आंतही शिरतो. पावडर, मलम, तेल कांहींही लावूं नये. दुखणारें मांजर आपल्या माणसासही चावतें. म्हणून दोघांनीं मिळून, पिलाला मऊ पंचांत गुंडाळून हें काम करावें. चावलेंच, तर जखम साबण-पाण्यानें पंधरा मिनिटें धुऊन माणसांच्या डॉक्टरांस दाखवावी.

दवाखान्यांत काय होतें हें ठाऊक असलें म्हणजे घरच्यांचा जीव थाऱ्यावर राहतो. डॉक्टर प्रथम संसर्ग कातडीपुरता आहे कीं आंतल्या थरांत उतरला आहे हें पाहतात. वरवरचा असल्यास स्वच्छ धुणें, प्रतिजैविक औषध व कोन एवढ्यानें भागतें. पू सांचला असल्यास एखाद-दुसरा टांका सोडून त्यास वाट करून देतात, मृत भाग काढतात, आणि कधीं जखम मुद्दाम उघडी ठेवून आंतून वर भरून येऊं देतात. उघडी जखम पाहून घरच्यांस दुर्लक्ष झालें असें वाटतें. परंतु आंत पू कोंडून वरून शिवलेल्या जखमेहून ती पुष्कळ बरी. पू हट्टी असेल तर त्याचा नमुना तपासून कोणत्या औषधानें जंतु मरतात हें ठरवितात.

औषधाच्या बाबतींत दोन गोष्टी पाळाव्या. ठरलेला क्रम पुरा करावा. तिसऱ्या दिवशीं पिलूं खेळूं लागलें म्हणून गोळ्या थांबवूं नयेत. १९२८ सालीं पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगनेंच १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांत इशारा दिला होता कीं, अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, उलट औषधाला सरावतात. दुसरें, घरांत उरलेल्या माणसांच्या प्रतिजैविक गोळ्या अंदाजानें देऊं नयेत. कांहींची जास्त मात्रा झाल्यास मांजराची दृष्टि जाते. गोळी कोरडी गिळविल्यास ती अन्ननलिकेंत अडकून तेथें व्रण पाडूं शकते. म्हणून गोळीमागोमाग पिचकारीनें गालाच्या कडेनें थोडें पाणी पाजावें, किंवा मऊ खाद्याचा घांस द्यावा.

शुश्रूषेचा बाकीचा भाग घरांतल्या शिस्तीचा आहे. पिलाला दहा ते चौदा दिवस एका लहान खोलींत, कपाटें व खिडकीच्या कट्ट्यांपासून दूर ठेवावें. एक उंच उडी सर्व टांक्यांवर पाणी ओतते. लिटरच्या ट्रेमध्यें बारीक माती न ठेवतां वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवाव्या, म्हणजे कण जखमेस चिकटत नाहींत. अंथरूण रोज बदलावें. आंघोळ घालूं नये. नवी मुंबईच्या पावसाळ्यांत भिंती घामाघूम होतात, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहींत. अशा हवेंत जखमही ओलसर राहते व माशा घोंघावूं लागतात. खिडक्यांना जाळी, खोलींत मंद पंखा आणि अंगाखालीं कोरडें कापड, एवढी व्यवस्था औषधाइतकीच महत्त्वाची आहे. खाण्यासाठीं उकडलेल्या कोंबडीचे किंवा काटे काढलेल्या मासळीचे कोमट, बिनमिठाचे, कांदा-लसूण न घातलेले घांस थोडे थोडे पुढें करावे. पिलानें एक दिवसही अन्न टाकलें तर तें लहान कारण समजूं नये. त्याच्या इवल्याशा शरीरांत सांठवण फार थोडी असते.

कांहीं प्रसंग मात्र उद्यांवर टाकण्याचे नसतात. जखम फांकून आंतला भाग बाहेर डोकावूं लागणें, रक्त न थांबणें, हिरड्या पांढऱ्याफटक पडणें, पोट फुगून टणक होणें, वारंवार वांत्या, श्वास लागणें, पिलूं उठूं न शकणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास रात्र असो वा पहाट, निघावें. बाहेर आलेला भाग आंत ढकलूं नये. मिठाच्या त्याच कोमट पाण्यांत भिजविलेल्या स्वच्छ कापडानें तो झांकून, कोन घालून, पेटींत ठेवून न्यावा. रात्रीं उघडा असणारा जवळचा दवाखाना कोणता, हें शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशींच विचारून त्याचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. मुंबई इलाख्यांत या विद्येची परंपरा जुनी आहे. मुक्या प्राण्यांवरील जुलूम थांबविण्यासाठीं १८७४ सालीं मुंबईंत संस्था निघाली. परळचें बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणिरुग्णालय १८८३ सालचें, आणि मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचें. ज्या काळीं बैल व घोडा हींच रुग्णालयाचीं मुख्य गिऱ्हाइकें होतीं, त्या काळापासून आज पांच महिन्यांच्या मांजरीसाठीं मध्यरात्रीं दार उघडेपर्यंतची ही वाटचाल आहे. तिचा लाभ घेण्यास घरच्यांनीं मात्र वेळेवर दारापर्यंत पोहोंचलें पाहिजे.

योग्य वेळीं हातीं लागलेला संसर्ग बहुधा बरा होतो. चार-पांच दिवसांत पू आटतो, कडा गुलाबी होतात, जागा कोरडी पडते. टांके काढण्याची तारीख संसर्गामुळें थोडी पुढें गेली तरी चालेल. पण ती डॉक्टरांनीं ठरवावी, घरच्यांच्या घाईनें नव्हे. टांके निघाल्यावरही एक-दोन दिवस कोन तसाच राहूं द्यावा. सोसायटीच्या आवारांतील बेवारशी मांजरीची नसबंदी ज्या मंडळींनीं हौसेनें करून घेतली असेल, त्यांनींही हेंच सर्व तिच्यासाठीं करावयाचें आहे; जखम कोरडी होईपर्यंत तिला बाहेर सोडूं नये, कारण बाहेर तिची जखम रोज पाहणारें कोणी नाहीं.